पाहुण्याच्या पायातील कडे

२०२५ च्या जानेवारी महिन्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. बागांमध्ये व मोकळ्या जागी पन्नासच्या आसपास कावळे मृत आढळले. भोपाळच्या प्रयोगशाळेने तपासणी करून हा बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ विषाणूचा, प्रादुर्भाव असल्याचे कळविले आणि प्रशासनाने दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यापूर्वी चार वर्षे, २०२१ च्या जानेवारीत, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आठशेहून अधिक कोंबड्या दगावल्या होत्या व त्यानंतर हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो: हे दुखणे आणले कोणी? आणि पुष्कळदा बोट वळते ते हिवाळ्यात तळ्यावर उतरलेल्या परदेशी पक्ष्यांकडे.

हा आरोप खरा की खोटा, हे आम्ही येथे ठरविणार नाही. तो ठरवावयाचा तर आधी काही गोष्टी माहीत असाव्या लागतात. आपल्या तळ्यावरील बदक नेमके कोठून आले? कोणत्या महिन्यात आले? वाटेत कोठे थांबले? पुढच्या वर्षी तेच बदक पुन्हा येथेच येते काय? कावळा तर कोठेच जात नाही. तो उदगीरचाच रहिवासी आहे. पाहुण्या पक्ष्याचा ठावठिकाणा मात्र केवळ पाहून कळत नाही, कारण एका तलवार बदकासारखेच दुसरे तलवार बदक दिसते. त्याला ओळख द्यावी लागते. ही ओळख देण्याची जुनी व साधी रीत म्हणजे पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालणे. इंग्रजीतून आलेला ‘रिंगिंग’ हा शब्दच आपल्याकडील पक्षिमित्रांच्या तोंडी अधिक आहे.

पक्षी ऋतूप्रमाणे येतात व जातात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. जुन्या करारातील यिर्मयाच्या ग्रंथातही करकोच्याला आपला काळ कळतो असा उल्लेख आहे. पण ते कोठे जातात हे कोणासही सांगता येत नव्हते. युरोपात शेकडो वर्षे असा समज होता की, भिंगऱ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात झोपी जातात. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा मिळाला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील भाला आरपार अडकलेला होता. बिचारा तो भाला घेऊनच परतला होता. पक्षी खंड ओलांडतात याचा तो चालताबोलता पुरावा ठरला. पुढे १८९९ साली डेन्मार्कमधील व्हिबॉर्ग गावच्या हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सेन नावाच्या शाळामास्तरांनी अ‍ॅल्युमिनियमची हलकी कडी तयार केली, तीवर क्रमांक व पत्ता कोरला आणि १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ती घालून पक्षी सोडून दिले. आज जगभर चाललेल्या ह्या शास्त्राचा आरंभ असा एका शिक्षकाच्या हातून झाला. ह्या स्टार्लिंगचा एक जवळचा नातलग आपल्या ज्वारीच्या शेतात दरवर्षी येतो. त्याच्याविषयी पुढे सांगू.

भारतात हे काम प्रामुख्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. १८८३ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेने १९२०-३० च्या दशकात मध्य भारतातील धार संस्थानात बदकांना कडी घालण्यास आरंभ केला. मोठे काम मात्र १९५९ साली सुरू झाले, आणि त्यामागील कारण आजच्या बर्ड फ्लूच्या भीतीशी जुळणारे आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. नवा विषाणू सापडला तो रशियातील एका रोगाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग शंका अशी आली की, उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरील गोचिडांबरोबर हा रोग घेऊन आले असतील काय? ती पडताळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य दिले आणि डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली देशभर शिबिरे सुरू झाली. पक्ष्यांनी तो विषाणू रशियातून आणला असे सिद्ध झाले नाही. तो तेथील जंगलातील गोचिडांमध्ये व लहान प्राण्यांमध्ये मुरलेला होता. पण त्या शोधाच्या निमित्ताने लाखो पक्ष्यांच्या पायांत कडी पडली आणि त्यांतील काही सैबेरिया व मध्य आशियातून परत कळविली गेली. आज मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून जो ओळखला जातो, सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत तीस देशांवरून जाणारा, त्याचे आपल्या बाजूचे चित्र ह्या कड्यांमुळेच स्पष्ट होऊ लागले.

प्रत्यक्ष काम कसे चालते तेही पाहू. पहाटे अंधार असतानाच दोन काठ्यांमध्ये अतिशय बारीक धाग्यांचे जाळे ताणले जाते. त्याला मिस्ट नेट म्हणतात. पक्ष्यास ते दिसत नाही. तो उडत येऊन जाळ्याच्या झोळीत अलगद पडतो. जाळ्याशेजारी माणूस सतत असावा लागतो, कारण उन्हात किंवा थंडीत पक्षी अडकून राहिला तर तो दगावतो. सोडविलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवून वजन करतात, पंख, चोच व पाय मोजतात, पिसांवरून वय ठरवितात, आवश्यक असल्यास घशातील नमुना घेतात आणि त्याच्या पायाच्या जाडीप्रमाणे ठरलेले कडे चिमट्याने बसवून त्यास सोडून देतात. सराईत हातांना एका पक्ष्यास काही मिनिटेच पुरतात. मात्र हे काम हौसेचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि प्रशिक्षण घेतल्यावाचून कोणी जाळ्यास हात लावीत नाही.

ह्या विद्येत एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करावयास लावते. सालिम अलींच्या शिबिरांत पक्षी पकडण्याचे काम विद्यापीठात शिकलेल्यांनी नव्हे, तर बिहारमधील मीरशिकार समाजाच्या पारंपरिक पारध्यांनी केले. त्यांतील अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत आजही आदराने घेतले जाते. पक्ष्यास इजा न करता पकडण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. आपल्या मराठवाड्यातही घोड्याच्या केसांचे फासे लावून तितर व लावे पकडणारा फासेपारधी समाज आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अशा अनेक जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुरता पुसला गेलेला नाही. ज्यास कोणता पक्षी कोणत्या झुडपाखाली रात्र काढतो हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या माणसाच्या ज्ञानाचा उपयोग शास्त्राला होऊ शकतो हे बिहारमध्ये दिसून आले. आपल्याकडेही तसा प्रयत्न व्हावा असे आम्हांस वाटते.

आता आपल्या पाण्याकडे वळू. नांदेडजवळ असर्जन येथे गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प आहे. पाणी उचलून शेतीस देणारा हा मोठा प्रकल्प आणि त्याचा जलाशय नदीच्या पात्रातच लांबवर पसरलेला. खाली धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. म्हणजे दारे बंद होऊन उरलेसुरले पाणी साचू लागते तेव्हा उत्तरेकडील बदकांचे थवे दख्खनच्या पठारावर येऊ लागलेले असतात. न्यायालयाच्या मनात पक्षी अर्थातच नव्हते. कंधारला राष्ट्रकूट काळापासूनचा जगत्तुंग समुद्र आहे, मन्याड नदीवर धरणे आहेत. लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यात धनेगावला आहे. उदगीरच्या बाजूस हाळी-हंडरगुळीजवळ तिरू प्रकल्प आहे. ह्याखेरीज घरणी, रेणा, तावरजा आणि गावोगावचे पाझर तलाव आहेतच.

नवशिक्यास वाटते की, जितके मोठे व भरलेले धरण तितके पक्षी अधिक. वस्तुस्थिती तशी नाही. खोल पाण्यात बुडी मारणारे पाणकावळे किंवा माशांवर झडप घालणारी मत्स्यघार यांचे जमते. पण तलवार बदक, थापट्या, भुवई बदक यांना चोच तळाशी पोहोचेल असे उथळ पाणी हवे असते आणि चिखलात चोच खुपसून किडे टिपणाऱ्या तुतवारांना तर नुसती ओली कड पुरते. म्हणूनच तुडुंब भरलेल्या धरणाच्या भिंतीजवळ दुर्बीण घेऊन उभे राहिलेल्याची निराशा होते आणि त्याच धरणाच्या मागच्या बाजूस, जेथे पाणी हळूहळू ओसरत असते तेथे, शेकड्यांनी पक्षी दिसतात. नोव्हेंबरपासून पाणी उतरू लागले की दर आठवड्याला नवी कड उघडी पडते. पाहुण्यांची पंगत त्या कडेने मागे मागे सरकत जाते.

पण त्याच कडेवर माणसाचाही हक्क आहे. पाणी ओसरलेल्या जमिनीत धरणग्रस्त व भूमिहीन कुटुंबे गाळपेरा करतात. सुपीक गाळात हरभरा, गहू किंवा भाजीपाला थोड्या कष्टात येतो. त्याबरोबर इंजिने येतात, औषधफवारणी येते, राखणीची कुत्री येतात. मार्चनंतर उघड्या वाळूवर अंडी घालणारी टिटवी, नदी सुरय व पाणभिंगरी यांची घरटी नांगराखाली जातात. गाळपेरा बंद करा असे म्हणणे सोपे आहे, परंतु ज्याची मूळ जमीन त्याच धरणात गेली त्यास ते कोणत्या तोंडाने सांगावे? पाण्यालगतचा एक अरुंद पट्टा न नांगरता सोडणे आणि त्या पट्ट्यात फवारणी टाळणे, एवढे मात्र गावाने ठरविले तर होण्यासारखे आहे.

आणि काही वर्षी पाणीच नसते. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. कोठून किती पाणी आले याची चोख नोंद त्या वेळी झाली. त्या हिवाळ्यातील बदके कोणत्या तळ्यावर सरकली, हे मात्र आसपासच्या तळ्यांवर आधीची पाच-दहा वर्षे कोणी नियमित मोजणी केली असेल तरच सांगता येते. दुष्काळ आल्यावर मोजू लागून त्याचा उलगडा होत नाही.

आता भोरडीविषयी. आपल्या शेतकरी कुटुंबांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. अंग गुलाबी, डोके व पंख काळे. शेकड्यांनी, कधी हजारांनी उतरावे आणि दाणे भरलेली कणसे पाहता पाहता फस्त करावीत. हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणे, पत्र्याचे डबे वाजविणे, हे ज्यांनी बालपणी केले त्यांच्या कानांत तो गलका अजून असेल. पळस फुलला की हीच भोरडी फुलातील मध पिण्यास येते, म्हणून तिला पळसमैना असेही नाव आहे. एप्रिल सरता सरता ती एकाएकी दिसेनाशी होते. ती जाते कझाकस्तान व आसपासच्या मध्य आशियाई मुलुखात, तेथे दगडांच्या ढिगाऱ्यांत घरटी करते आणि पिलांना टोळ व नाकतोडे भरविते. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांसाठी दगडविटांची घरटी बांधून देण्यात आली. एकाच पक्ष्यास एका देशात शेतकरी गोफणीने पिटाळतो व दुसऱ्या देशात घर बांधून देतो! दोघेही आपापल्या जागी चुकत नाहीत. आपल्याकडेही भोरडी ज्वारीच्या जोडीने किडे व नाकतोडे खाते. राखण करताना तिला हुसकावणे रास्तच, पण विष घातलेले दाणे टाकून मारणे हे कायद्यानेही निषिद्ध आहे आणि त्या दाण्यांनी मोर, होले व चिमण्याही मरतात.

पट्टकादंब हा दुसरा पाहुणा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस मंगोलिया व तिबेटच्या पठारावर वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे लावून केलेल्या अभ्यासात एका पट्टकादंबाने ७,२९० मीटरची उंची गाठल्याची नोंद आहे. मंगोलियातील अभ्यासक ह्या हंसांच्या गळ्यात मोठ्या अक्षरांचे रंगीत पट्टे घालतात आणि असे हंस दक्षिण भारतातील तळ्यांवर पक्षिमित्रांनी दुर्बिणीतून वाचले आहेत. पायातील कडे वाचण्यास पक्षी पुन्हा हाती यावा लागतो, किंवा मेलेला सापडावा लागतो. म्हणून हजार पक्ष्यांमागे मोजक्यांचीच वार्ता परत येते. गळ्यातील पट्टा, किंवा पाणथळीतल्या लहान पक्ष्यांच्या पायांवरील रंगीत झेंडी, दुरून वाचता येते. येथे सामान्य निरीक्षकाचे महत्त्व एकदम वाढते. मुंबईत सोसायटीने २०२२ साली ठाणे खाडीतील सहा रोहित पक्ष्यांना जीपीएस यंत्रे लावली, तेव्हा त्यांचा गुजरातपर्यंतचा प्रवास घरबसल्या कळू लागला. परंतु अशी यंत्रे महाग असतात, आणि यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून अधिक असू नये असा दंडक असल्याने लहान पक्ष्यांना ती लावताच येत नाहीत. धोबी पक्ष्यास अजून कडेच बरे.

कडे दिसले की लोक घाबरतात, हीही एक अडचण आहे. २०२३ च्या मे महिन्यात मुंबईत चेंबूरजवळ एक कबुतर सापडले. पायांत दोन कडी, पंखांवर चिनी वाटावी अशी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून त्याची चौकशी सुरू झाली आणि ते परळच्या पशुरुग्णालयात आठ महिने अडकून पडले. अखेर ते तैवानमधील शर्यतीचे कबुतर असल्याचे निष्पन्न होऊन २०२४ च्या जानेवारीअखेर त्याची सुटका झाली. वाचून हसू येते खरे. पण एखाद्या खेड्यात रशियन कड्यावरील ‘मोस्क्वा’ हा शब्द वाचून काय तर्क लढविले जातील, याची कल्पना करावी! भारतीय कड्यावर सोसायटीचे नाव व कळविण्याची सूचना इंग्रजीत कोरलेली असते, शेजारी क्रमांक असतो. त्यात गुप्त असे काही नाही. उलट ते कोणीतरी वाचावे म्हणूनच लिहिलेले असते.

तेव्हा असे कडे आढळल्यास काय करावे? पक्षी जिवंत असेल तर कडे काढू नये. सर्व अक्षरे व अंक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, शक्य तर छायाचित्र घ्यावे, गाव, तळे व तारीख लिहावी आणि ही माहिती मुंबईच्या हॉर्नबिल हाउस येथील सोसायटीच्या कार्यालयास किंवा जवळच्या वनकार्यालयास द्यावी. कडे परदेशी असले तरी सोसायटी त्या देशातील केंद्राकडे विचारणा करू शकते. त्या पक्ष्यास कडे कोठे व केव्हा घातले होते, ते कळविणाऱ्यास सांगण्याची पद्धत आहे.

कडे घालणे तज्ज्ञांचे काम असले तरी मोजणे कोणासही जमते. १९८७ पासून दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा व १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. पक्ष्यांची मराठी नावे जमवून ‘पक्षीकोश’ सिद्ध करणारे चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेले. आपण तलवार बदक, पट्टकादंब अशी नावे सहज उच्चारतो त्यामागे त्यांच्यासारख्यांचे श्रम आहेत. देशातील सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली ९४२ जातींच्या स्थितीचा अहवाल निघाला. ज्यांचा कल ठरविता आला त्यांतील पुष्कळ जाती घटत असल्याचे त्यात दिसले. शेजारच्या तेलंगणाने राज्यपक्षी म्हणून मान दिलेला नीळकंठही त्यांत आहे. पुण्या-मुंबईच्या मानाने मराठवाड्यातील नोंदी फार विरळ आहेत. त्यामुळे येथे एखाद्या शाळेने एका पाझर तलावावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी केलेली मोजणीदेखील मोलाची ठरते. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, जात व संख्या, एवढे वहीत लिहिले तरी पुरे. ज्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही तो दिवसही लिहावा.

बर्ड फ्लूच्या प्रश्नाचे उत्तरही अशाच वह्यांतून व कड्यांतून मिळण्यासारखे आहे. हा विषाणू दोन वाटांनी हिंडतो: रानबदकांबरोबर, आणि कोंबड्या, पिले, अंड्यांचे ट्रे व खत वाहणाऱ्या गाड्यांबरोबर. पाहुणे पक्षी नोव्हेंबरमध्ये आले व जानेवारीपर्यंत तळ्यावर सुखरूप होते अशी नोंद असेल, तर तपास करणारा अधिकारी प्रथम गाड्यांकडे पाहील. तळ्यावरच आधी बदके मेल्याची नोंद असेल, तर तो तळ्याकडे पाहील. नोंद नसेल तर तर्क तेवढे उरतात, आणि दरम्यान कुक्कुटपालकाचे नुकसान व्हावयाचे ते होऊन जाते. म्हणून तळ्याकाठी किंवा रानात एकाहून अधिक पक्षी मेलेले दिसले तर त्यांस उघड्या हातांनी स्पर्श करू नये, मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आणि दुरूनच, पायांत कडे आहे काय, तेवढे पाहून ठेवावे.